पाणी पिकेपर्यंत

लाकूड काही केल्या कुकरमध्ये बसेना. उभे घातले तर झाकण लागत नव्हते, आडवे घातले तर त्याची दोन्ही टोके शिंगांसारखी बाहेर येत होती. शेवटी बाईंनी नाद सोडला. माळ्यावरून पाणी तापवायचे जुने मोठे पातेले काढले आणि लाकूड त्यात उकळत ठेवले. कुकर धुऊन ठेवलाच होता, मग तो तरी रिकामा कशाला ठेवायचा, म्हणून त्यात माती भरली. दुसरी शिट्टी होत होती तेवढ्यात मुलाचा फोन आला.

शिट्टी ऐकून मुलाला जरा बरे वाटले. बाबा गेल्यापासून आई धड जेवत नाही, चहा-बिस्किटावर दिवस ढकलते, असा त्याचा संशय होता, आणि तो काही खोटा नव्हता. आज निदान गॅस तरी पेटला म्हणायचा.

"काय शिजवतेयस?" त्याने विचारले.

"माती," बाई म्हणाल्या. "आणि शेजारी लाकूड उकळतंय."

मुलाने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

बाई म्हणजे वाफवाल्या बाई. शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या तळघरात एक वाफेची खोली होती आणि बाईंची सगळी नोकरी त्या खोलीत गेली. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, कपड्यांची गाठोडी, सगळे रक्ताने माखून त्यांच्याकडे यायचे आणि त्यांच्या हाताखालून शुद्ध होऊन वर जायचे. गाठोड्याला चिकटवलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की समजायचे, आतले सगळे जंतू मेले. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बाईंचे तोंडही माहीत नव्हते, पण खालून आलेल्या गाठोड्यात ते डोळे झाकून हात घालत. बाईंना याचा अभिमान होता. ज्याच्याशी हद्दीवरून जुना वाद आहे अशा शेजाऱ्याविषयी माणूस बोलतो, तशा त्या जंतूंविषयी बोलत.

घरीही त्यांनी तेच राज्य चालवले. मुलगा लहान असताना शाळेतून आला की आधी मोरीकडे, मग आईकडे. कोपरापर्यंत हात, नखांच्या आत साबण, आणि पुन्हा एकदा साबण. त्याच्या मित्रांनी घराचे नाव 'दवाखाना' ठेवले होते आणि खेळायला ते सहसा दुसरीकडेच जमत. नवऱ्याचे काचेचे दुकान होते. खिडक्यांची तावदाने, आरसे, फोटोच्या फ्रेमा. तोही बिचारा दाराबाहेर कपडे झटकून, हातपाय धुऊन मगच आत यायचा. कुरकूर केली नाही कधी. उलट म्हणायचा, आमच्या घरात शिरायचं म्हणजे माणसानं आधी उकळून घ्यावं लागतं.

हा काचवाला रंगीत माशांच्या टाक्याही बनवायचा. पाच काचा कापायच्या, कडा घासायच्या, चिकटवायच्या, पाणी भरून गळते का ते पाहायचे, आणि पाणी ओतून देऊन गिऱ्हाइकाला रिकामी टाकी द्यायची. आयुष्यभर त्याच्या टाक्या त्याच्या दुकानातून रिकाम्याच बाहेर पडल्या. दुकान बंद करताना त्याने एक शेवटची टाकी स्वतःसाठी केली. जाड, नितळ काच, आणि कडा अशा घासलेल्या की बोट फिरवले तर थांबावेसे वाटू नये. पुढच्या खोलीत, खिडकीशेजारच्या भक्कम टेबलावर ती आणून ठेवली. मासे त्याला दोन-चारच हवे होते. त्याला हवी होती आत झाडे, पाण्याखाली एखादे लहानसे रान असावे तशी.

बाई म्हणाल्या होत्या, घरात चिखल नको, मी रिटायर होईपर्यंत थांबा. मग घरीच असेन, तुमच्या मागोमाग फडके घेऊन फिरेन. तो हसला होता. थांबतो की, पाणी कुठे पळून जातेय, म्हणाला होता. थांबता थांबता त्याने कुठूनसे एक वेडेवाकडे लाकूड मात्र आणले आणि बाल्कनीत टबभर पाण्यात दगडाखाली दाबून ठेवले. लाकूड पाण्यावर तरंगते. ते तळाशी बसायला हवे असेल तर त्याला आधी पुष्कळ पाणी प्यावे लागते, असे त्याने बाईंना समजावून सांगितले होते. बाईंनी ऐकले होते, न ऐकल्यासारखे. पुढे एका दुपारी चहा घेऊन तो जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी बाई रिटायर होऊन घरी आल्या. तोवर त्यांच्यासाठी थांबायला घरात कोणी उरले नव्हते.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी घर धुवायला काढले होते. त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि कोणी अडवलेही नाही. मोठ्या दुःखात माणसाचे हात आपापल्या सवयीचे काम शोधतात. त्याचे सदरे, टॉवेल, उशीचा अभ्रा, हिवाळ्यातली कानटोपी, सगळे त्यांनी उकळत्या पाण्यातून काढले, औषधात बुडवले, कडक उन्हात वाळवले आणि घड्या घालून कपाटात रचले. नंतर कितीतरी दिवसांनी एका दुपारी त्यांना त्याची फार आठवण आली. त्यांनी कपाट उघडले, वरचा सदरा काढून नाकाशी धरला. औषधाचा वास आला. खालचा काढला, त्यालाही तोच. एकेक करत सगळे कपाट रिकामे झाले, पण त्याचा वास कशालाच नव्हता. बाई कपड्यांच्या त्या ढिगात बसून राहिल्या. हे त्यांनी कुणाला सांगितले नाही, मुलालाही नाही.

मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. त्याला अजून सगळे छोटू म्हणत, आणि दारातून आत येताना तो वाकला नाही तर चौकट कपाळाला लागे एवढा तो उंच होता. त्याने आईसाठी घरात एक खोली तयार ठेवली होती. सूनही मनापासून बोलावत होती. बाईही जवळजवळ हो म्हणाल्या होत्या. पण वाळत घातलेले कपडे काढायला बाल्कनीत गेल्या आणि पायाचे बोट टबावर आपटले. लाकूड तसेच होते, वर त्याने ठेवलेला दगड तसाच होता, आणि पाणी कडक चहासारखे झाले होते. त्याच्या हातची तेवढी एकच गोष्ट घरात धुवायची राहून गेली होती. आणि बाई त्या बाईच, त्यांनी पहिले काय केले, तर ते पाणी ओतून टब घासला. पण लाकूड हातात घेतल्यावर ते त्यांना टाकवेना.

एवढी सगळी कथा फोनवर सांगायची बाईंची तयारी नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, की बाबांची टाकी लावतेय. छोटूने आधी समजूत घातली, मग चिडला, आणि शेवटी अट घातली.

"ऐक आई. मला सुट्टी लागली की मी येतो, रिकामी बॅग घेऊन. तोवर ती टाकी लागली, आत काही जगलं, तर मी पुन्हा नाव काढणार नाही. नाही लागली, तर मुकाट्यानं माझ्याबरोबर यायचं."

"चालेल," बाई म्हणाल्या आणि गॅस बारीक केला.

त्यांनी होकार दिला तो अगदी निवांतपणे दिला. ज्या कामाला स्वच्छता आणि सबुरी लागते त्यात आपल्याला कोण हरवणार, असे त्यांना वाटले.

रंगीत माशांचे दुकान चार गल्ल्या सोडून होते. मालक जाडगेला, डोळे अर्धे मिटलेला, आणि त्याच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'सावकाश' हा शब्द यायचा. काचवाल्याने त्याचे नाव सावकाशराव ठेवले होते आणि घरी त्याची नक्कल करून बाईंना हसवले होते. फोन आला त्याच दिवशी सकाळी बाई तिथे पहिल्यांदा गेल्या होत्या. तेव्हा सावकाशरावांनी त्यांना ओळखले, काकांचे ऐकून फार वाईट वाटले म्हणाले आणि लागेल ते सगळे काढून दिले. काळी दाणेदार माती, वर पसरायला वाळू, लहानसा फिल्टर, ओल्या कागदात गुंडाळलेली रोपे आणि एक लांब, टोकाशी वाकलेला चिमटा.

चिमटा पाहून बाई थबकल्या. असले चिमटे त्यांच्या हातून हजारोंनी गेले होते. नवऱ्याने एकदा मागितलाही होता, दवाखान्यातून बाद झालेला एखादा, रोपे लावायला बरा पडेल म्हणून. दवाखान्याची वस्तू घरात येणार नाही, असे त्यांनी ठणकावले होते. नियमाने ते बरोबरच होते. तरी आता तो चिमटा पिशवीत टाकताना त्यांना आपल्या त्या बरोबर असण्याचा राग आला.

"मासे?" त्यांनी विचारले.

"मासे नंतर, काकू. पाणी आधी पिकू दे. सावकाश."

पिकायला पाणी काय आंबा आहे, असे बाईंच्या ओठांवर आले होते. पण त्यांनी विचारले नाही, आणि तिथेच सगळे चुकले.

घरी येऊन त्यांनी काम शास्त्रशुद्ध केले. कुकरमधली माती फुगून खळीसारखी झाली होती, ती पुन्हा पुन्हा धुतली, तेव्हा त्यातले निम्मे मोरीत गेले. वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुतली. रोपे औषधाच्या जांभळ्या पाण्यातून काढली. माती मागे उंच आणि पुढे उतरती पसरली, कारण त्याने तसे सांगितल्याचे आठवत होते. लाकूड मध्ये ठेवून त्यावर त्याचाच दगड ठेवला. मग चिमट्याने एकेक रोप धरून मुळे मातीत खोचली. तळाशी एक बशी ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडले, म्हणजे माती उसळत नाही. हे सगळे त्यांना छान जमले. हात सरावाचे होते.

पाणी भरून झाले तेव्हा दुपार कलली होती. खिडकीतून ऊन तिरके आत आले आणि टाकीतून आरपार गेले. समोरच्या भिंतीवर हिरव्या सावल्या हलू लागल्या. बाई खुर्ची ओढून बसल्या. काचेत त्यांचा चेहरा रोपांमध्ये तरंगत होता, केसांतून गवत उगवल्यासारखा. वाफेच्या खोलीत त्यांना असेच व्हायचे. दार उघडले की वाफेचा लोट यायचा, त्यातून माणसे आधी पुसट दिसायची, मग ओळखू यायची, मग पुन्हा पुसट व्हायची. तिथे कित्येकदा त्यांना वाटले होते, की आपण एका मोठ्या ढगात नोकरी करतो. आता पाण्याकडे बघता बघता डोळे जड झाले आणि काचेत आपल्या खांद्यामागे कोणी उभे आहे, काचेची कड बोटाने तपासते आहे, असा भास झाला. मागे वळायचे नाही, एवढे शहाणपण त्या गुंगीतही त्यांना होते. त्या तशाच बसून राहिल्या. ऊन गेले तेव्हा तोही गेला.

आठवडाभर टाकी आरशासारखी होती. मग रुंद पानांवर डाग आले. पाने काचेसारखी पारदर्शक झाली, त्यांना भोके पडली आणि एक दिवस ती पाण्यात विरघळून तरंगू लागली. बाईंनी ओळखले, संसर्ग. त्यांनी पाणी बदलले. सडकी पाने कापून काढली. फिल्टरच्या स्पंजवर बुळबुळीत थर धरला होता, तो पाहून त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी स्पंज उकळला आणि मग रोज उकळू लागल्या. जेवढे स्वच्छ करावे तेवढे आत मरत होते, म्हणून त्या आणखी स्वच्छ करत होत्या. लाकडावरचा दगड काढून पाहिला तर लाकूड हळूच वर आले आणि एक टोक पाण्याबाहेर काढून राहिले. मुलाची सुट्टी जवळ येत होती. फोनवर तो टाकीचे काही विचारत नसे, आणि बाईंना त्याच्या त्या न विचारण्याचीच धास्ती वाटू लागली.

शेवटी त्या एक सडके पान घेऊन दुकानात गेल्या. पान कापडात गुंडाळलेले, चारी कोपरे आत दुमडलेले, वर पट्टी, जसे काही ते ऑपरेशनला चालले होते. सावकाशरावांनी ते गाठोडे उलगडले, पानाकडे पाहिले आणि टाकीची काळजी कशी घेता म्हणून विचारले. बाईंनी सगळे सांगितले. औषध, उकळणे, रोजचे पाणी. सांगताना त्यांचा आवाज थोडा ताठही झाला. आपण कुठे कमी पडलो नाही, हे कळायला हवे होते.

सावकाशराव स्टुलावर बसले. मग म्हणाले की नव्या पाण्यात गेल्यावर झाडांची जुनी पाने गळतातच. ती पाने हवेत वाढलेली असतात. मुळे शाबूत असतील तर नवी फुटतात आणि ती पाण्याचीच असतात, त्याने घाबरायचे नसते.

"पण काकू, स्पंज उकळायचा नव्हता."

"बुळबुळीत झाला होता."

"तोच टाकीचा जीव. तो थर म्हणजे सगळे जंतूच, पण चांगले. घाण खातात, पाणी राखतात. ते धरले की पाणी पिकलं म्हणायचं. तुम्ही रोज त्यांना मारताय. तुमची टाकी स्वच्छ आहे हो, अगदी स्वच्छ आहे. तिच्यात काहीच नाहीये."

हे ते काही टोचून बोलले नव्हते. पण बाई उभ्या होत्या त्या जागी काउंटर धरून राहिल्या. दुकानातले सगळे पंप एकसुरात बुडबुडत होते आणि त्यांना वाटले, आपण पुन्हा त्या कपाटापुढे उभ्या आहोत.

"सगळं धुऊन टाकलं हो मी," त्या म्हणाल्या. "त्यांचं काहीच ठेवलं नाही. एक सदरा ठेवला असता तर."

सावकाशराव टाकीविषयी काही बोलणार होते, ते थांबले. त्यांनी स्टूल पुढे सरकवले आणि पाण्याचा पेला आणून दिला. बाई इतक्या दिवसांत रडल्या नव्हत्या, त्या माशांच्या दुकानात रडल्या. त्यांनी लाज धरली नाही, आणि सावकाशरावांनीही उगाच धीर दिला नाही.

मग ते म्हणाले, जरा आत या.

मागच्या खोलीत, पोत्यांच्या आणि पिशव्यांच्या गर्दीत, एक मोठी जुनी टाकी होती. बाई आत आल्या आणि त्यांना आधी काही कळेना, कारण काचेच्या आत पाणी नाही तर दाट हिरवी सावली भरल्यासारखी वाटत होती. हळूहळू त्यातून आकार सुटे झाले. तळाशी आखूड गवताचे कुरण, मागे उंच, वळलेली पाने, लाकडावर शेवाळ, आणि त्यातून कुठूनतरी येऊन कुठेतरी जाणारे बारीक मासे. बाईंनी काचेच्या कडेवरून बोट फिरवले. ते बोट कुठेच अडकले नाही.

"ही ह्यांची आहे," त्या म्हणाल्या.

"टाकी त्यांची. आतलं रानही त्यांचंच. दुकान बंद केल्यावर रोज संध्याकाळी इथं येऊन बसायचे. मी म्हटलं, काका, नुसते बघता काय, लावा की. सगळं हातानं लावलं, चिमटासुद्धा नको म्हणायचे. कोपरापर्यंत हात पाण्यात."

बाई म्हणाल्या की मला तर ते फिरायला जातो म्हणून सांगायचे. हाताला कधी कसला वास आला नाही.

सावकाशरावांनी कोपऱ्यातल्या नळाकडे बोट केले. नळावर साबणाची वडी होती, झिजून पातळ झालेली.

"जाताना दोनदा साबण लावायचे. घरी वास गेला तर बाईंना त्रास होईल म्हणायचे. ती चांगली आहे फार, तिला घाण सोसत नाही एवढंच."

बाई त्या वडीकडे बघत राहिल्या. किती संध्याकाळी तो दारात उभा राहून दोन्ही तळहात त्यांना दाखवायचा, शाळेतल्या मुलासारखा, आणि त्या मान हलवून आत घ्यायच्या. त्यांना ती त्याची थट्टा वाटायची.

सावकाशरावांनी त्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंज काढला. काळपट तपकिरी, गाळाने जड झालेला, पाण्याचे थेंब गाळणारा. त्यातला अर्धा कापून पिशवीत घालायला लागले, तसा बाईंनी हात पुढे केला. तो ओलाच स्पंज त्यांनी तळहातावर घेतला. बुळबुळीत होता. वास हिरवा, ओल्या मातीचा आणि पानांचा, आणि त्याच्या तळाशी आणखी काहीतरी. तो वास बाईंना माहीत होता. रोज संध्याकाळी साबणाच्या वासामागे तो अगदी पुसट असायचा आणि त्यांना वाटायचे की हा याच्या अंगाचाच वास. त्यांनी स्पंज आणखी जवळ घेतला. हा कधी कोणी उकळला नव्हता.

सावकाशरावांनी कुरणातले थोडे गवत आणि उंच पानांचे एक पिल्लू काढून दिले. बाई पिशवी छातीशी धरून घरी आल्या. वाटेत पिशवी गळत होती आणि कपड्यांवर तपकिरी ओघळ येत होते. ओळखीच्या एका बाईने अहो सांडतेय म्हणून हटकले, तर वाफवाल्या बाई, असू दे, म्हणाल्या. ती ओळखीची बाई नंतर बराच वेळ वळून बघत राहिली.

स्पंज त्यांनी आपल्या फिल्टरमध्ये बसवला. पाणी गढूळ झाले. हात धुवायला त्या मोरीपर्यंत गेल्या, नळ सोडला, आणि बंद करून तशाच परत आल्या.

त्यानंतरचे काम सर्वांत अवघड होते, कारण काहीच करायचे नव्हते. बाई हात मांडीत घेऊन बसत. फडके दिसेल असे ठेवतच नसत. दुपारी ऊन यायचे, भिंतीवर सावल्या हलायच्या, फिल्टरचे पाणी बारीक आवाजात पडत राहायचे, आणि बाई त्या आवाजाला टेकून पेंगायच्या. स्वप्नात त्या वाफेच्या खोलीत असत, पण वाफ गार असे, आणि गाठोडी उघडली की त्यांतून पाने निघत. कधी तो येऊन शेजारी बसे. एकदा त्यांनी त्याला विचारले, एवढे दिवस सांगितले का नाहीत, आणि तो म्हणाला, विचारलंस कुठे. जाग आली तेव्हा त्यांना त्याचे म्हणणे पटलेले होते. ऊन टेबलाच्या पायापर्यंत उतरले होते.

काचेवर हिरवट साय धरली, ती त्यांनी राहू दिली. मग एके सकाळी कापलेल्या एका खोडाशी काहीतरी उभे दिसले, सुरळी केलेल्या कागदाएवढे. दुपारपर्यंत ते थोडे उलगडले. पान होते. जुन्या पानांसारखे जाड नाही, पातळ आणि मऊ, पाण्याबरोबर हलणारे. बाईंनी मुलाला फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. येईल तेव्हा बघेल.

लाकडाचेही असेच झाले. एक दिवस बाईंनी दगड काढून पाहिला. लाकूड जागेवरून हलले नाही. त्यांनी बोटाने ढकलले तरी ते तळाशीच राहिले, आपले घर असल्यासारखे. दगड त्यांनी पुसून खिडकीत ठेवला, आणि मग मनात काय आले कोण जाणे, त्या हमसून रडल्या. त्याने पाण्यात घातलेले लाकूड शेवटी बुडले होते आणि त्याला ते सांगता येत नव्हते.

छोटू आला तो दुपारीच. कपाळ चौकटीवर आपटले, कपाळ चोळत आत आला, आणि हातातली मोठी बॅग पोकळ आवाज करत भिंतीला टेकली. प्रवास, सून, नातवंडे, सगळे बोलून झाले. बॅगेविषयी कोणी बोलले नाही. मग तो चहाचा कप घेऊन पुढच्या खोलीत गेला. बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या. निकालाच्या दिवशी मुलगा उभा राहायचा तशाच.

"लागली की गं," तो तिथून म्हणाला.

बाई आल्या. तो टाकीसमोर उकिडवा बसला होता, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले. कुरण अजून विरळ होते, मधून माती दिसत होती. पण नवी पाने सगळीकडून निघाली होती आणि लाकडाच्या कुशीत हिरवी लव धरली होती. मासे नव्हते. सावकाशराव म्हणाले होते, अजून थोडे थांबू.

बाईंनी बाजूला वाटीत पाण्यात ठेवलेले एक रोप उचलले. त्या दुकानातल्या टाकीतून आणलेले उंच पानांचे पिल्लू. एवढे दिवस जागा सापडत नव्हती म्हणून नाही, हे त्यांनी मुद्दाम राखून ठेवले होते.

"हे तू लाव," त्या म्हणाल्या. "तिथे मागे, कोपऱ्यात. चिमटा नको. बाबा हातानंच लावायचे."

छोटू उठला, बाह्या सारल्या आणि काही न सांगता मोरीकडे गेला. लहानपणापासूनची सवय होती ती. नळ सोडला आणि साबणाकडे हात नेला.

"साबण नको," बाई म्हणाल्या.

त्याने वळून पाहिले. चाळिशीला आलेला तो माणूस आईकडे असा बघत होता, जणू तिने त्याला परक्याच कुणाच्या नावाने हाक मारली होती.

"नुसत्या पाण्यानं धू. आत सगळं जिवंत आहे."

त्याने हात कोपरापर्यंत टाकीत घातला. पाणी वर आले, काठावरून थोडे सांडले आणि टेबलावरून जमिनीवर ठिबकू लागले. मुळे मातीत जाताना गढूळ ढग उठला आणि अर्धी टाकी दिसेनाशी झाली. तो गडबडून बघू लागला, फडके कुठे आहे म्हणून. बाईंनी मानेनेच नको म्हटले. दोघे बसून राहिले. ढगातून आधी लाकडाचे टोक दिसू लागले, मग पाने, मग त्याने लावलेले ते लहान रोप, जरासे कलते, पण उभे.

"बॅग मोकळीच नेतो मग," छोटू म्हणाला. त्याच्या आवाजात वाईट वाटलेलेही होते आणि दुसरेही काही होते.

"माळ्यावर टाक. पुढच्या वेळी मुलांना घेऊन येशील तेव्हा हलकं येता येईल."

तो उठू लागला, ओला हात अंगापासून लांब धरून. बोटांना माती होती, नखांत हिरवे अडकले होते. धुऊन येतो, म्हणाला. बाईंनी त्याला उठू दिले नाही. त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, हळूच नाकाशी नेला, आणि जमिनीवर पाणी ठिबकत असताना कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.